माठ, घाम आणि पाठीवरची सॅक

पायथ्याच्या गावात सकाळी सातला एसटी थांबते, घोळका उतरतो, आणि माझी एक वाईट खोड जागी होते. मी लोकांच्या सॅका न्याहाळू लागतो. वेफर्सची फुगलेली पाकिटं, एक स्पीकर, सेल्फी स्टिक आणि चौघांत मिळून दोन लिटर पाणी. स्पीकरबद्दल मला जे वाटतं ते इथे छापण्यासारखं नाही. पाण्याबद्दल मात्र बोलू, कारण सॅक भरण्याचं निम्मं शास्त्र त्या बाटलीत आहे.

आधी एक छोटा हिशेब. तुम्ही सॅकसकट ७५ किलो आहात आणि ७०० मीटर चढायचंय, असं धरू. सह्याद्रीतल्या मोठ्या किल्ल्यांना एवढी चढाई काही विशेष नाही. वजन, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार केला की सुमारे ५१५ किलोज्यूल, म्हणजे १२३ किलोकॅलरी येतात. एखाद-दीड पोळी. एवढ्यात गड सर!

पण आपले स्नायू म्हणजे काही फार काटकसरी इंजिन नव्हे. खाल्लेल्या ऊर्जेतली जेमतेम २० ते २५ टक्के कामाला लागते, बाकीची उष्णता होऊन अंगातच उरते. म्हणजे १२३ किलोकॅलरींच्या कामासाठी शरीर पाच-सहाशे जाळतं आणि त्यातल्या चारशेहून अधिक नुसत्या आपल्याला तापवतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर शरीराचं तापमान सुमारे सात अंशांनी चढेल. ३७ चं ४४. इतकं तापमान कोणी सोसू शकत नाही. सुदैवाने आपण घामाघूम होतो.

घाम कसा काम करतो हे कुठल्याही मराठी घरात माठाने शिकवलेलं असतं. माठाच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. त्वचेवरचंही तसंच. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. म्हणजे वरच्या चढाईला पाऊण लिटर घाम पुरायला हवा. कागदावर पुरतोही.

आता माठाचीच दुसरी बाजू आठवा. एप्रिलमध्ये पुण्यात माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं, आणि जुलैत तोच माठ आळशासारखा बसून राहतो. हवेतच बाष्प ठासून भरलेलं असेल तर पाण्याने वाफ होऊन जायचं कुठे? कोकणातून घाटावर चढणाऱ्या वाटांवर, वारा अडवणाऱ्या नाळेत म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत, आपल्या अंगाचा असाच जुलैतला माठ होतो. घाम निथळतो, भुवईवरून डोळ्यांत उतरतो, दगडावर टपकतो. टपकलेला थेंब गारवा देत नाही, पाणी मात्र घेऊन जातो. शरीर मग आणखी घाम काढतं. अशा वेळी तासाला लिटरभर पाणी सहज जातं. त्यात कातळाची धग वेगळी. आपला काळा बेसाल्ट दुपारी तव्यासारखा तापतो. म्हणून दिवसभराच्या ट्रेकला माणशी तीन लिटर हा माझा आकडा आहे. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर मी निघत नाही. उन्हाळ्यात कित्येक टाकी कोरडी असतात, आणि जी भरलेली असतात त्यांतल्या सगळ्यांचं पाणी पिण्याजोगं नसतं.

घामासोबत मीठही जातं. टोपीवर वाळलेली पांढरी नक्षी हा त्याचा पुरावा. ते भरून न काढता नुसतं पाणीच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं सुरू होऊ शकतं. म्हणून सॅकच्या वरच्या कप्प्यात ओआरएसची, म्हणजे पाण्यात विरघळवायच्या मीठ-साखरेची, एक पुडी असावी. ही पुडी दिसते साधी, पण तिच्यामागचं विज्ञान देखणं आहे. आपल्या लहान आतड्याच्या पेशींना एक असं दार आहे जिथून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० मध्ये ही जोडी मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण प्यायला देऊन असंख्य जीव वाचवले. पुडी जुलाबांसाठीच बनलेली, पण दार तेच. फक्त एक चूक टाळा: लिटरभर पाण्याची पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतायची नाही. द्रावण घट्ट झालं की उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. सिंहगडावरच्या मावशींकडचं मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत हा याच कल्पनेचा चविष्ट नातेवाईक, आणि मिळत असेल तर मी पुडी फोडतही नाही.

कपड्यांच्या बाबतीत ट्रेकर मंडळी जरा कर्मठ असतात. सुती कपडा नकोच, असा नियम ऐकू येतो. तो थंड मुलखांतून आलाय आणि तिथे तो अगदी खरा आहे. सुती धागा पाणी पितो आणि धरून ठेवतो, पॉलिएस्टर जवळजवळ पीत नाही. ओला सुती शर्ट एप्रिलच्या कोरड्या उन्हात अंगावर असेल तर तो चालताबोलता माठच की! वाईट काय त्यात? तोच शर्ट जुलैत माथ्यावरच्या सुसाट वाऱ्यात मात्र वैरी होतो. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे १६४६ मीटरच्या कळसूबाईवर पायथ्यापेक्षा चांगलंच गार असतं. चढताना उष्णता फेकायची धडपड, आणि माथ्यावर बसल्या बसल्या तीच उष्णता राखायची धडपड. मी कॉलेजात असताना भर पावसात जीन्स घालून लोहगडावर गेलो होतो. उतरताना दातांवर दात आपटत होते, तेही महाराष्ट्रात, जुलैत. तेव्हापासून एक कोरडा टी-शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी असतो.

तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, सॅकमधली सर्वांत जड वस्तू. ती बाहेरच्या जाळीत लटकवली की घसाऱ्याच्या, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या, आडव्या वाटेवर सॅक आपल्याला दरीच्या बाजूला ओढते. जड ते पाठीला चिकटून, खांद्यांच्या फऱ्यांच्या मध्ये. वजन मणक्यापासून जितकं लांब, तितकं तोल सावरायला पुढे वाकावं लागतं आणि कंबर बोलू लागते.

वजनाची खरी गंमत मात्र पायांत आहे. पाठीवरच्या एका किलोपेक्षा पायातला एक किलो चालताना चार ते सहा पट ऊर्जा खातो, कारण तो प्रत्येक पावलाला उचलावा, पुढे फेकावा आणि थांबवावा लागतो. तीनशे ग्रॅमने जड बूट घेतलेत तर जोडीचे सहाशे ग्रॅम झाले, म्हणजे पाठीवर अडीच-तीन किलो जास्त. दिवसभराचं पाणीच की! एका दिवसाच्या ट्रेकला घोट्यापर्यंतचे लष्करी थाटाचे बूट का घालतात, हे मला कळत नाही. तळ मऊ रबराचा, खाचा न झिजलेल्या, एवढं पुरे.

टॉर्चला पर्याय नाही, सकाळीच परतायचं ठरलं असलं तरीही. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, त्यामुळे सूर्यास्तानंतरचा कामाचा उजेड वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. लंडनला जूनमध्ये तो पाऊण तास रेंगाळतो. झाडीत तर त्याआधीच अंधार. मोबाइलचा टॉर्च ही पळवाट नव्हे. रेंज कमी असली की फोन टॉवरला गाठायला जास्त शक्तीने ओरडत राहतो आणि दुपारीच बॅटरी टाकतो. त्याला फ्लाइट मोडवर ठेवा. उपग्रहाचे संदेश फक्त ऐकायचे असल्याने जीपीएस तरीही चालतं.

आणि सुतळी. हसू नका. एका मित्राने चार वर्षं कपाटात जपलेले, जेमतेम दोनदा घातलेले बूट काढले आणि अर्ध्या चढावर एकाचा तळ जिभेसारखा लोंबू लागला. पाऊण तासाने दुसऱ्यानेही तेच केलं. बुटांच्या तळातलं पॉलियुरेथेन नावाचं प्लॅस्टिक हवेतल्या आर्द्रतेशी हळूहळू अभिक्रिया करून भुसभुशीत होतं. बूट वापरले काय नि न वापरले काय, त्याचं घड्याळ कपाटातही चालूच असतं. आम्ही दोन्ही बूट सुतळीने पुरणाच्या मोदकासारखे आवळले. तो तसाच फटक फटक करत गाव येईपर्यंत उतरला.