रुग्णता पेन्शन आणि अपंगत्व पेन्शन: फरक कारणाचा

सरकारी कर्मचारी नोकरीत असताना कायमचा अधू झाला की लोक ‘मेडिकलवर पेन्शन मिळेल’ एवढेच म्हणतात. पण केंद्र सरकारच्या नियमांत या दोन निरनिराळ्या पेन्शन आहेत आणि पैशांत चांगलाच फरक पडतो. (सैन्यदलांचे नियम स्वतंत्र आहेत, ते इथे नकोत.)

रुग्णता पेन्शनसाठी एकच प्रश्न विचारला जातो: हा माणूस सेवेला कायमचा असमर्थ झाला आहे का? आजार घरी जडला की कामावर, याच्याशी देणेघेणे नाही. पूर्वी 10 वर्षे सेवा भरली नसेल तर फक्त उपदान (ग्रॅच्युइटी, म्हणजे एकरकमी रक्कम) मिळायचे. म्हणजे ऐन तरुणपणी अर्धांगवायू झालेल्याला महिन्याची पेन्शन नाहीच. 4 जानेवारी 2019 च्या दुरुस्तीने ही अट गेली. फार आधीच जायला हवी होती.

अपंगत्व पेन्शन येते असाधारण पेन्शन नियमांतून. 1939 च्या नियमांच्या जागी 2023 मध्ये नवे नियम आले. इथे इजा किंवा आजार सेवेमुळे झाला, निदान सेवेमुळे बळावला, हे मान्य व्हावे लागते. झाले तर नेहमीच्या पेन्शनवर अपंगत्वाचा भाग मिळतो: 100 टक्के अपंगत्वाला मूळ वेतनाच्या 30 टक्के, कमी असेल तर त्या प्रमाणात. खरी ओढाताण होते ती याच कारणावरून. अपघाताची नोंद त्याच वेळी, ड्युटीच्या उल्लेखासह झालेली नसेल, तर वर्षभराने ती उभी करणे महाकठीण.

मृत्यूनंतरही तीच विभागणी. समजा मूळ वेतन 40,000 रुपये. सेवेत असताना साध्या आजाराने मृत्यू झाला तर कुटुंबाला 10 वर्षे 20,000 आणि पुढे 12,000. मृत्यू कर्तव्यावरचा ठरला तर असाधारण कुटुंब पेन्शन 60 टक्क्यांनी, म्हणजे 24,000. महागाई सवलत वेगळी.

मात्र दोन्हींपैकी कुठल्याही अर्जावर सही करण्याआधी दिव्यांग हक्क कायदा 2016 चे कलम 20 वाचावे. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे लागते. ‘रुग्णता निवृत्ती घ्या, सोपे पडेल’ हा सल्ला पुष्कळदा कार्यालयाच्या सोयीचा असतो.

1 जानेवारी 2004 पासून नोकरीला लागलेल्या एनपीएसवाल्यांनी (राष्ट्रीय पेन्शन प्रणाली, जिच्यात कर्मचारी आणि सरकार दोघांचा वाटा खात्यात जमा होतो) आपला विकल्प तपासावा. मृत्यू वा अपंगत्व आल्यास जुन्या नियमांची पेन्शन हवी की खात्यातली जमा, हे आधीच लिहून देता येते. पेन्शन घेतली तर सरकारचा वाटा सरकारजमा होतो. कर्मचाऱ्याचा स्वतःचा वाटा परताव्यासह त्याला किंवा कुटुंबाला मिळतो.