नाचणीचं सत्त्व गाळू नका

'नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम' हे आता बिस्किटांच्या जाहिरातीतही ऐकू येतं. वजनास वजन धरलं तर ते खरंच आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम, तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. पण दाण्यातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही.

दाणा आपला फॉस्फरस फायटिक आम्लात साठवतो. या रेणूचे सहा फॉस्फेट गट ऋणभारित असतात आणि कॅल्शियम, लोह, जस्त यांना घट्ट धरतात. हे संयुग आतड्यात विरघळत नाही, तसंच बाहेर पडतं. मोड येताना मात्र कोंबालाच तो फॉस्फरस हवा असतो. मग फायटेज हे विकर (एन्झाइम) फॉस्फेट गट एकेक करून तोडतं आणि पकड सैल होते. सोबत पिष्ट (स्टार्च) तोडणारं अमायलेज हे विकरही वाढतं. पिष्टाच्या लांब साखळ्या शिजताना पाणी धरून फुगतात, म्हणून साध्या पिठाची पेज लगेच घट्ट होते. अमायलेज त्या साखळ्या तोडतं, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात दुप्पट पीठ घालूनही पेज पातळ राहते. सहा महिन्यांपुढच्या बाळाच्या इवल्याशा पोटासाठी हे फार मोलाचं आहे.

अर्धा किलो नाचणी निवडून तीन-चार पाण्यांनी धुवा, १२ तास भिजवा, मधे एकदा पाणी बदला. पूर्ण निथळून ओल्या सुती कापडात सैल बांधा. दीड-दोन दिवसांत मोड येतात. पाणी साचलं तर आंबूस वास येतो, बुरशी दिसली तर सगळी नाचणी टाकून द्या. कडकडीत वाळवा, मंद आचेवर जेमतेम भाजा, दळा. खरपूस भाजलं की अमायलेज मरतं. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं तरी तेच होतं, म्हणून ते गार पाण्यात कालवून हळूहळू तापवा आणि शेवटी नीट उकळा.

'नाचणी थंड, पावसाळ्यात दिली की बाळाला सर्दी होते' या समजाला आधार नाही, सर्दी विषाणूंमुळे होते. पावसाळ्यात खरी अडचण मोड न वाळण्याची असते.

काही घरांत भिजवलेली नाचणी वाटून कापडातून गाळतात आणि खाली बसलेला पांढरा साका वाळवतात. तो जवळजवळ नुसता पिष्ट असतो. कॅल्शियमचा मोठा वाटा दाण्याच्या सालीत, म्हणजे फेकलेल्या चोथ्यात जातो. बाळासाठी दळलेलं पीठ बारीक चाळणीनं चाळावं, गाळू नये.

मधुमेह असलेल्यांनी मोडाच्या पिठाची पेज टाळून भाकरी खावी, कारण तुटलेल्या पिष्टाची साखर रक्तात लवकर उतरते. भाकरीसोबत लिंबू घ्या, लोह शोषायला मदत होते. चहा मात्र जेवणानंतर तासाभरानं.