बारकोडमधील ‘६६६’ : एक खुलासा

ठाण्यातील अनेक ख्रिस्ती घरांत हा समज अजून ऐकू येतो की, प्रत्येक बारकोडच्या दोन्ही टोकांना व मध्यभागी असलेल्या लांब रेघांच्या जोड्या म्हणजे तीनदा सहा, आणि म्हणून तीच बायबलमधील ‘प्रकटीकरण’ या ग्रंथाच्या १३व्या अध्यायातील श्वापदाची, म्हणजे ६६६ या संख्येची, खूण होय. बारकोडमध्ये प्रत्येक अंक सात सारख्या रुंदीच्या पट्ट्यांत मांडलेला असतो. उजव्या अर्ध्या भागातील सहाच्या अंकात दोन बारीक रेघा येतात, पण त्यांच्यामागे चार पट्ट्यांची मोकळी जागाही येते, आणि ती धरूनच सहा पूर्ण होतो. टोकाच्या रेघांना अशी जागा नसते, कारण त्या अंक नव्हेतच. संकेत कुठे सुरू होतो व संपतो, एवढेच त्या रेघा बारकोड वाचणाऱ्या यंत्राला सांगतात. नौपाड्यातल्या कोणत्याही वाण्याकडील बिस्किटाचा पुडा हाती घेऊन पाहावा : रेघांखाली बहुधा ८९० ने सुरू होणारे तेरा अंक छापलेले असतात, व टोकाच्या रेघांखाली सहा नसतो. शिवाय ग्रंथात ती खूण माणसाच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर सांगितली आहे, मालाच्या वेष्टनावर नाही (हे मात्र सोयीने विसरले जाते). अनेक अभ्यासकांच्या मते ६६६ ही संख्या रोमन सम्राट नीरोकडे निर्देश करते, कारण ‘नेरोन कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून त्यांच्या संख्यामूल्यांची बेरीज केली, तर ती नेमकी ६६६ येते.