संगणकातून ‘फट्’ आवाज आला, धूर निघाला? पुन्हा बटण दाबू नका
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. संगणकाच्या टेबलाजवळ ठेवा.)

लवंगी फुटावी तसा आवाज, कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून एखादी ठिणगी, जळक्या वार्निशचा वास आणि काळी पडलेली स्क्रीन. असं झालं की हात लगेच पॉवर बटणाकडे जातो, ‘चालू होतोय का बघू’ म्हणून. हे पत्रक आम्ही मुख्यतः तो हात थांबवण्यासाठी काढलं आहे. पहिल्या आवाजात बहुधा एकटा एसएमपीएस, म्हणजे संगणकाचा पॉवर सप्लाय, गेलेला असतो. पुन्हा वीज दिली तर मदरबोर्ड आणि हार्डडिस्क त्याच्या मागोमाग जाऊ शकतात, आणि विझलेली ठिणगी पुन्हा पेटू शकते.

आत्ता, या क्षणी

भिंतीवरचा स्विच बंद करा. तो धुराच्या जवळ असेल तर कॅबिनेटमागे हात घालू नका, सरळ मीटरजवळचा एमसीबी, म्हणजे जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, खाली पाडा. यूपीएस असेल तर एवढ्याने काम होत नाही. घरची वीज गेली की यूपीएस बॅटरीवर जातो आणि जळणाऱ्या संगणकाला २३० व्होल्ट देतच राहतो. म्हणून यूपीएसचं स्वतःचं बटण बंद करा आणि हात पोचत असेल तर संगणकाची पिन त्यातून उपसून काढा. गडबडीत नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

धूर निघत असताना कॅबिनेटचं झाकण उघडू नका, आत हवा मिळाली की धुमसणारं प्लॅस्टिक पेट घेतं. पाणी अजिबात मारू नका. विजेच्या आगीवर चालणारं, कार्बन डायऑक्साइडचं किंवा एबीसी पावडरचं अग्निशामक घरात असेल आणि ज्वाळा कॅबिनेटच्या आतच असतील तरच ते वापरा. ज्वाळा बाहेर पडून पडदा किंवा लाकडी टेबल धरत असतील तर सगळ्यांना बाहेर काढा, खोलीचं दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. आग नसेल, नुसता धूर असेल, तर खिडक्या उघडा आणि मुलांना दुसऱ्या खोलीत न्या. हा धूर प्लॅस्टिक, वार्निश आणि कपॅसिटरमधल्या रसायनाचा असतो, तो छातीत घेऊ नये.

एमसीबी आपोआप पडला असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करू नका. आधी संगणकाची पिन काढा, मग एकदाच वर करून बघा. तरीही पडला तर दोष घराच्या वायरिंगमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या उपकरणात असू शकतो, वायरमनला बोलवा.

आत फुटतं काय?

घरात येणारा २३० व्होल्टचा एसी पुरवठा एसएमपीएसमध्ये आधी डीसी होतो आणि सुमारे ३२५ व्होल्टवर जातो. ही वीज एका मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या नळकांड्यासारख्या भागात, साठते. त्यावर बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्ट असं छापलेलं असतं. व्होल्टेज त्याच्या पुढे गेलं किंवा आतलं द्रव वर्षानुवर्षं उष्णतेने सुकलं, की डोक्यावरची खाच फाटते आणि वाफ जोराने बाहेर येते. दुसरा उमेदवार व्हॅरिस्टर. ही निळी किंवा पिवळी चकती जादा व्होल्टेज स्वतःवर घेते आणि ते फार वेळ टिकलं तर फुटते. तिसरा मॉसफेट, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करणारा छोटा भाग, त्याच्या तर ठिकऱ्याच उडतात.

यापैकी काहीही फुटलं की बोर्डाचा तेवढा भाग करपतो, त्याचा कोळसा होतो आणि त्या कोळशातून वीज वाहू शकते. बटण पुन्हा दाबू नका असं आम्ही बजावतो ते यासाठी. फ्यूज उडाला म्हणून नवीन फ्यूज किंवा तार टाकून बघणंही तितकंच धोक्याचं. फ्यूज हे कारण नसतं. मागे मॉसफेट किंवा ब्रिज (एसीचं डीसी करणारा भाग) शॉर्ट झालेला असतो, म्हणून तो उडतो.

कशामुळे होतं?

आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटणं. इमारतीला तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा, येतात. दोन फेजमधलं व्होल्टेज सुमारे ४०० असतं आणि न्यूट्रल जागेवर आहे तोवर प्रत्येक घराला २३० मिळतात. खांबावर किंवा इमारतीच्या मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल सैल झाला की ज्या फेजवर लोड कमी, तिथलं व्होल्टेज ३००च्या वर चढतं. बल्ब एकदम प्रखर होतात, पंखे सुसाट फिरतात आणि शेजारच्या घरात मात्र दिवे मंद झालेले असतात. हे दिसताच मेन स्विच बंद करा आणि वीज कंपनीला कळवा. महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२ आहे. स्पाइक गार्डचा इथे उपयोग होत नाही. तो क्षणभराचा झटका अडवतो, दहा मिनिटं चाललेलं जादा व्होल्टेज त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, त्यात तो स्वतःच जळतो. वायरमनकडून मुख्य बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. व्होल्टेज साधारण २६०-२७०च्या पुढे गेलं की तो घराचा पुरवठाच तोडतो. आमच्या मते घरातल्या संगणकासाठी हा सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च आहे.

दुसरं कारण पाल. उबेसाठी ती एसएमपीएसच्या जाळीतून आत शिरते आणि ३२५ व्होल्टच्या दोन टोकांवर एकदम बसते. मुंग्या आणि झुरळंही हेच करतात. कॅबिनेटमागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून ठेवल्या असतील तर परत लावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, आत साठलेली धूळ ओल धरते. त्यात खारी हवा असेल तर ती धूळ वीज वाहू लागते. जून लागण्याआधी एकदा आतून साफ करून घ्या.

जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असा छोटा लाल सरकता स्विच असतो. पुसताना तो चुकून ११५ वर गेला तर आतले दोन कपॅसिटर मिळून सुमारे ६५० व्होल्ट तयार होतात, आणि ते असतात प्रत्येकी २०० व्होल्टचे. चालू करताक्षणी स्फोट. लहान मुलं असतील तर त्या स्विचवर चिकटपट्टी लावून टाका.

१२ व्होल्टची आग

एसएमपीएस आतल्या भागांना १२ व्होल्ट देतो. त्याने शॉक बसत नाही म्हणून तो भाग निर्धोक वाटतो. पण ४५० वॅटचं ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टवर ३७ अँपिअरहून जास्त करंट ओढतं, आणि पिन सैल असेल तर तिथेच सगळी उष्णता तयार होते. २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० कार्डांचे सोळा पिनांचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कनेक्टर पूर्ण आत बसलेला नव्हता. असा कनेक्टर फट दिसेनाशी होईपर्यंत दाबा आणि तोंडापाशी केबल लगेच वाकवू नका. एनझेडएक्सटी कंपनीची एच१ कॅबिनेट २०२१ मध्ये अमेरिकेत परत मागवावी लागली, तीही १२ व्होल्टमुळेच. एक धातूचा स्क्रू रायझर बोर्डातल्या (ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डाला जोडणाऱ्या छोट्या बोर्डातल्या) १२ व्होल्टच्या रेषेला टेकून शॉर्ट होत होता. म्हणून कॅबिनेटमध्ये सुटा स्क्रू खुळखुळला तर तो काढल्याशिवाय संगणक चालू करू नका.

हार्डडिस्कसाठी मोलेक्स-साटा जोडणी (जुन्या चार पिनांच्या प्लगवरून डिस्कच्या चपट्या प्लगवर वीज नेणारी केबल) घेताना जिच्या मागे प्रत्येक वायर वेगळी दाबून बसवलेली दिसते तीच घ्या. एकसंध ओतीव प्लॅस्टिकच्या जोडणीत वायरी आतल्या आत जवळ येऊन पेटू शकतात. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलचा, एसएमपीएस बदलताना जुन्या केबल नव्याला लावू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीत, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळा असतो. चुकीची केबल सहज बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क मरते.

आमच्याकडे आणण्यापूर्वी

एसएमपीएसचा डबा उघडू नका. ३३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टवर सुमारे १७ जूल ऊर्जा धरून ठेवतो. बिघडलेल्या सप्लायमध्ये ती कितीतरी वेळ तशीच राहू शकते, पिन काढली असली तरी. तिचा झटका जीवघेणा ठरू शकतो. व्हिडिओत दाखवतात तशी हिरवी आणि काळी वायर जोडून ‘टेस्ट’ही करू नका. पंखा फिरला म्हणजे सप्लाय ठीक आहे असं त्यातून कळत नाही.

संपूर्ण कॅबिनेट, पॉवर केबल आणि एक्स्टेंशन बोर्ड सोबत आणा. घटनेच्या वेळी दिवे लुकलुकले का, पाऊस होता का, कोणता वास आला, हे कागदावर लिहून आणा. आम्ही आधी सगळे भाग सोडवून मदरबोर्डाच्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या रेषा शॉर्ट आहेत का ते मोजतो. मग चांगल्या एसएमपीएसवर फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम. तुमची डिस्क सगळ्यात शेवटी. डिस्क मेली असं वाटलं तरी आशा सोडू नका. मोठ्या हार्डडिस्कच्या बोर्डावर जादा व्होल्टेज अंगावर घेणारा संरक्षक डायोड असतो. पुष्कळदा तोच शॉर्ट झालेला असतो आणि डेटा शाबूत असतो. दरम्यान ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून बघू नका.

फुटलेला एसएमपीएस आम्ही दुरुस्त करून देत नाही, बदलतो. नवा घेताना डब्यावरच्या मोठ्या वॅटच्या आकड्याऐवजी लेबलवरचे १२ व्होल्टचे अँपिअर बघा आणि त्यांना १२ ने गुणा. ‘४५० वॅट’ लिहिलेल्या सप्लायवर १४ अँपिअर असतील तर १२ व्होल्टवरची खरी ताकद १६८ वॅट. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक, म्हणजे ‘आर’ आणि पुढे आठ अंक, आहे का तेही तपासा.

नवा बसवण्याआधी वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. मल्टिमीटर फेज आणि अर्थमध्ये लावला तर जवळपास २३० दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ते अर्थिंग नसल्यामुळे. एसएमपीएसच्या फिल्टरमधून अशा वेळी पत्र्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दाब येऊन बसतो. यूपीएसची ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदला. ती फुगली असेल तर ओढून काढण्याची झटापट करू नका, यूपीएस तसाच घेऊन या. जळालेला एसएमपीएस भंगारात टाकू नका, आमच्याकडे ठेवा, तो ई-कचऱ्यात जाईल.