ग्रुपचा अ‍ॅडमिन आणि जाळ्याचा मालक

एप्रिल लागला की देवगडच्या बागायतदारांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गजबजतात. पेटी किती डझनाची, आंबा अढीत कधी घातला, मुंबईची गाडी कधी सुटणार. असा एक ग्रुप माझा चुलतभाऊ चालवतो. कुणीतरी तिथे कर्नाटकचा आंबा 'देवगड हापूस' म्हणून खपवायला आला, तेव्हा भावाने मेसेज उडवला आणि त्याला बाहेर काढलं. शेजारचे काका म्हणाले, "ग्रुपार तुझाच राज्य आसा!"

काकांचं अर्धंच बरोबर आहे. आत कोण आणि बोलायचं कुणी, हे अ‍ॅडमिन ठरवतो. पण ती बटणं त्याच्या हाती जाळ्याच्या मालकाने, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने दिली. 'फक्त अ‍ॅडमिन बोलतील' ही सोय आली २०१८ मध्ये, दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसायची २०२२ मध्ये. त्याआधी अ‍ॅडमिन माणूस काढू शकत होता, त्याचा खोटा मेसेज मात्र तिथेच राहायचा. ग्रुपात जास्तीत जास्त १०२४ माणसं, फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटना, हे काही देवगडात ठरलं नाही. अ‍ॅडमिनने काढलं तर एक ग्रुप जातो. कंपनीने नंबर बंद केला तर सगळेच जातात, अ‍ॅडमिनचा स्वतःचा ग्रुपसुद्धा.

नजरही वेगळी. अ‍ॅडमिन आत असतो म्हणून शब्द वाचतो. २०१६ पासून मेसेज कुलूपबंद जात असल्याने कंपनीला मजकूर दिसत नाही, पण कोण कोणत्या ग्रुपात आहे हे तिला कळतं. धंद्याच्या दृष्टीने तेही थोडं नाही.

खरा फरक कळतो तो सोडून जाताना. अ‍ॅडमिन पटला नाही तर दुसरा ग्रुप दहा मिनिटांत उभा राहतो. सिमची कंपनी नको झाली तरी २०११ पासून नंबर तोच ठेवून बदलता येते, कारण सगळ्या कंपन्यांचे फोन एकमेकांना लागतात. व्हॉट्सअ‍ॅप सोडलं तर मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक तिथेच राहतं. एकट्याने जाणं म्हणजे एका कुळाने खोताची, म्हणजे जमीनदाराची, जमीन सोडण्यासारखं; खोताचं काही अडत नाही. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ एकजुटीने जमीन कसली नाही, तेव्हा खोतांना ते जाणवलं.

भाऊ यंदा प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, नंबर वहीत उतरवतोय. पेटीतही स्वतःच्या नंबराची चिठ्ठी घालतो.