ऊस आणि लव्हाळा : पानातल्या हिरव्या कड्याची गोष्ट

कोल्हापूर भागात उसाची भांगलण, म्हणजे तण काढणं, करताना हमखास हाताला लागतो तो लव्हाळा. दिसायला गवतासारखा, पण फुलाचा दांडा बोटांत फिरवून बघा. तो तिधारी आणि भरीव असतो, त्याला गवतासारखी पेरं नसतात. ऊस गवताच्या कुळातला, लव्हाळा मोथ्यांच्या. तरी रणरणत्या उन्हातली एकच अडचण दोघांनी पानाच्या आतल्या रचनेतून सोडवली आहे.

अडचण रुबिस्को नावाच्या विकराची, म्हणजे पानातली रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाची (एन्झाइमची). कार्बन डायऑक्साइड धरून तो साखरेच्या वाटेला लावणं हे त्याचं काम, पण चुकून ते ऑक्सिजनही धरतं. मग आधी कमावलेल्या कार्बनमधला काही पुन्हा हवेत जातो. ऊन तापेल तसं हे नुकसान वाढतं. भात आणि गहू ते सोसतात.

उसाच्या पानाचा पातळ आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की शिरा दाटीवाटीनं दिसतात. प्रत्येक शिरेभोवती मोठ्या पेशींचं गर्द हिरवं कडं, त्याला बिलगून बाहेरच्या पेशी. शेजारच्या दोन कड्यांमध्ये बाहेरच्या पेशी असतात जेमतेम दोन-तीन. भाताच्या पानात शिरा लांब लांब असतात आणि असं ठसठशीत हिरवं कडं नसतं. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांट यांनी एकोणिसाव्या शतकातच या कड्याचं वर्णन केलं होतं. त्याचं काम कळायला मात्र 1960 चं दशक उजाडावं लागलं. हवाईत आणि ऑस्ट्रेलियात किरणोत्सारी कार्बन वापरून प्रयोग झाले, तेही उसावरच. 1966 मध्ये ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी कार्बनचा मार्ग मांडला. बाहेरच्या पेशींत ऑक्सिजनला न फसणारं दुसरं विकर कार्बन धरतं, त्याचं चार कार्बनचं आम्ल बनतं आणि ते कड्यात जातं. तिथं कार्बन डायऑक्साइड सुटा होऊन कोंडला जातो, आणि रुबिस्को असतं ते याच कड्यात. भोवती एवढा कार्बन डायऑक्साइड असला की ऑक्सिजनचं फारसं चालत नाही. उसात या पेशींच्या भिंतीत बुचासारख्या पदार्थाचा थर असतो, त्यामुळे वायू सहज निसटत नाही.

लव्हाळ्याची रचना मला जास्त विलक्षण वाटते. त्याचं हिरवं कडं आणखी आत, शिरेला अगदी चिकटून असतं. कडं आणि बाहेरच्या पेशी यांच्यामध्ये हरितलवकं (पानाला हिरवा रंग देणारे कण) नसलेल्या पेशींचा एक थर येतो, आणि आम्लाला तो ओलांडूनच आत जावं लागतं. उसात असा मधला थर नाही. म्हणजे काम तेच, मांडणी वेगळी. दोन्ही कुळांत ही युक्ती स्वतंत्रपणे, तीही अनेकदा उत्क्रांत झाली. फ्लोरिडातला एक मोथा तर पाण्याखाली भातासारखा वागतो आणि पाण्याबाहेर उसासारखा.

या युक्तीला जादा ऊर्जा लागते. भरपूर उन्हात ती परवडते, सावलीत नाही. सुरुवातीचे तीन-चार महिने ऊस लहान, रान उघडं, तेव्हा लव्हाळा जोरात वाढतो. म्हणूनच तेवढ्या काळात भांगलण चुकवून चालत नाही. पुढं उसानं रान झाकलं की तो मागं पडतो, पण त्याच्या गाठी जमिनीत जिवंत राहतात.