घरबसल्या टीव्हीशी खेळताना

टीव्हीचं प्रक्षेपण मुळात एकाच दिशेने जातं. स्टुडिओतलं चित्र घरात येतं. घरातून काही परत पाठवायचं तर त्याला वेगळी वाट लागते. ही वाट कधी टेलिफोनची होती, कधी केबलची, कधी एसएमएसची. जशी वाट, तसा खेळ, असंच प्रेक्षकाला घरून खेळू देणाऱ्या टीव्ही कार्यक्रमांच्या बाबतीत घडत आलं आहे.

पहिला गाजलेला प्रयत्न तर वाटेविनाच झाला. १९५३ साली अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 'विंकी डिंक अँड यू' सुरू झाला. मुलांनी ५० सेंट पाठवून पारदर्शक प्लास्टिकचा पडदा मागवायचा, तो टीव्हीच्या काचेवर लावायचा आणि विंकी हा कार्टूनमधला मुलगा कुठे अडला की खडूने रेघा ओढून त्याला पूल काढून द्यायचा. ज्यांच्याकडे पडदा नव्हता ती पोरं थेट काचेवरच रेघोट्या मारत. १९७७ मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात 'क्यूब' या केबल सेवेने घरोघरी बटणांचा डबा दिला आणि उत्तर खरोखरच स्टुडिओत पोहोचू लागलं. पुढच्याच वर्षी आलेल्या 'टीव्ही पॉव'मध्ये मूल फोनवरून 'पॉव' असं ओरडायचं आणि पडद्यावरच्या व्हिडिओ गेममध्ये गोळी सुटायची.

या साऱ्याला खरी गोडी आणली ती डेन्मार्कच्या 'ह्यूगो'ने. १९९० साली टीव्ही २ या वाहिनीवर हा छोटा ट्रोल, म्हणजे लोककथांतला बुटका प्राणी, अवतरला. दुष्ट चेटकिणीने त्याच्या बायकोला आणि तीन पिल्लांना पळवलेलं. त्यांना सोडवायला घरचं मूल स्टुडिओत फोन लावायचं आणि फोनची बटणं दाबून ह्यूगोला धावायला लावायचं. प्रत्येक बटणाचा सूर वेगळा. तो सूर तारेवरून स्टुडिओत जायचा, तिथलं यंत्र ओळखायचं आणि अमिगा संगणकाला हुकूम द्यायचं. त्यामुळे बटणांच्या फोनशिवाय खेळता येत नसे. गोल चकतीच्या फोनमधून ते सूर निघतच नाहीत. त्या वेळचं प्रक्षेपण ॲनालॉग, म्हणजे चित्र न आवळता थेट पाठवणारं, असल्याने बटण दाबल्यावर उडी जवळजवळ त्याच क्षणी पडद्यावर दिसे. एक मूल खेळायचं आणि बाकीचा देश श्वास रोखून बघायचा. हा खेळ चाळीसहून अधिक देशांत गेला. टीव्हीने लहान मुलांना दिलेली यापेक्षा सुंदर भेट मला तरी आठवत नाही.

मग प्रक्षेपण डिजिटल झालं. चित्र आवळून पाठवायचं आणि घरी उलगडायचं, यात वेळ जाऊ लागला. उडी उशिरा दिसली तर खड्डा चुकवणार कसा? प्रश्नाला चार पर्याय आणि त्यातला एक निवडायचा, अशा खेळांना मात्र या उशिराने फरक पडत नव्हता. फोन किंवा एसएमएसमागे पैसे घ्यायची सोय झाली आणि तेच खेळ फोफावले.

इथे माझा आक्षेप आहे. प्रेक्षकाच्या फोनवर कमाई होऊ लागली की त्याने खेळावं यापेक्षा त्याने फोन करावा, हे महत्त्वाचं ठरतं. ब्रिटनमध्ये २००७ साली नेमकं हेच उघडकीला आलं: जीएमटीव्हीच्या स्पर्धांत विजेत्यांची निवड आटोपल्यावरही लोकांकडून फोन घेतले जात होते. तिथल्या ऑफकॉम या नियामकाने वाहिनीला २० लाख पौंडांचा दंड केला.

त्याच वर्षी आपल्याकडे 'कौन बनेगा करोडपती'च्या तिसऱ्या पर्वात, शाहरुख खान सूत्रसंचालक असताना, घरच्या प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' ही स्पर्धा होती. प्रश्नाचं उत्तर एसएमएसने किंवा फोनवर पाठवायचं आणि बरोबर उत्तरांतून सोडतीने एकाला २ लाख रुपये मिळायचे. एसएमएसचा दर नेहमीपेक्षा जास्त होता. बक्षिसाचा पैसा या एसएमएसमधूनच येतो, अशी तक्रार झाली. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवून स्टार आणि एअरटेलला १ कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई लावली. पुढे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी हा निर्णय रद्द केला.

२०१७ पासून 'करोडपती'चा प्रेक्षक मोबाइल ॲपवर हॉट सीटवरच्या स्पर्धकाबरोबरच उत्तर देऊ शकतो. प्रश्न काही सेकंद पडद्यावर राहतो, त्यामुळे चित्र थोडं उशिरा पोहोचलं तरी कुणाचं बिघडत नाही.